प्लेस्टेशन २ स्लिम : पेन ड्राइव्हवरून गेम चालवताना चित्रफिती अडखळतात

कृष्णाकाठ (सांगली) :
नमस्कार. माझ्याकडे प्लेस्टेशन २ चे ७७००० मालिकेतील स्लिम मॉडेल आहे. २०१९ च्या पुरात तळमजल्यावरच्या डिस्क गाळात राहिल्याने त्यांवर बारीक ओरखडे पडले असून लेन्सही आता त्या वाचताना कुरकुरते. म्हणून ज्या डिस्क अजून वाचल्या जातात त्यांच्या आयएसओ प्रती (पूर्ण डिस्कची एकाच फाइलमधील नक्कल) संगणकावर काढून घेतल्या आणि फ्री मॅकबूट (कन्सोलवर बाहेरचे प्रोग्रॅम सुरू करून देणारे सॉफ्टवेअर) असलेल्या मेमरी कार्डावरून ओपन पीएस२ लोडर (डिस्कऐवजी फाइलमधून गेम चालवणारा प्रोग्रॅम) सुरू करून त्या पेन ड्राइव्हवरून चालवतो. खेळ व्यवस्थित चालतो, मात्र मधल्या चित्रफितींमध्ये आवाज तुटतो आणि चित्र थांबत थांबत पुढे सरकते. यूएसबी ३.० चा महागडा पेन ड्राइव्ह घेऊनही तिळमात्र फरक पडला नाही. शिवाय ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर कॉपीच होत नाही. काय करावे?

अजिंक्यतारा (सातारा) :
पेन ड्राइव्ह बदलून उपयोग नाही, कारण अडचण कन्सोलच्या यूएसबी पोर्टमध्ये आहे. तो १.१ प्रकारचा असल्याने त्याची कमाल मर्यादा सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे कागदावरसुद्धा जेमतेम दीड मेगाबाइट भरते, तर मूळ डीव्हीडी ड्राइव्ह सेकंदाला सुमारे ५ मेगाबाइटपर्यंत वाचू शकतो. खेळताना एकदा लेव्हल मेमरीत भरली की फारसे वाचावे लागत नाही. चित्रफीत मात्र सलग डेटा मागत राहते, आणि तो वेळेवर पोहोचला नाही की आधी आवाज तुटतो.

मोठी फाइल अडते ती फॅट३२ मुळे; पेन ड्राइव्हवर फाइली साठवण्याच्या या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. यूएसबीयुटिल या संगणकावरच्या प्रोग्रॅमने तिचे तुकडे करता येतात. लोडरच्या नव्या आवृत्त्या ही मर्यादा नसलेली एक्सफॅट पद्धतही वाचतात. फाइल सलग जागेत बसलेली असावी, म्हणून पेन ड्राइव्ह रिकामा करून गेम एकामागून एक कॉपी करावेत.

पण माझे स्पष्ट मत असे, की आपण यूएसबीचा नाद सोडावा. आपल्या स्लिममध्ये लॅन पोर्ट (नेटवर्क केबलची खाच) मुळातच आहे. लॅपटॉपवर एक फोल्डर शेअर करून, दोन्हीकडे एकाच नेटवर्कमधले स्थिर आयपी पत्ते देऊन थेट केबल जोडली, तर बहुतेक गेमच्या चित्रफिती सुरळीत चालतात.

जुनीकॅसेट (मिरज) :
वरील सल्ल्याशी सहमत आहे, परंतु एक सावधगिरी हवी. लोडर नेटवर्कवरून ज्या एसएमबी १ पद्धतीने शेअर केलेला फोल्डर उघडतो ती जुनी व असुरक्षित असल्याने विंडोज १० व ११ मध्ये सहसा बंद असते. ती कार्यालयाच्या लॅपटॉपवर कृपया चालू करू नये! अडगळीतला एखादा लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय (छोटेखानी संगणक) घेऊन त्यावर लिनक्समधून फोल्डर शेअर करणारे सांबा हे सॉफ्टवेअर बसवावे. मात्र सांबाच्या ४.११ पासूनच्या आवृत्त्यांतही सेटिंगमध्ये किमान प्रोटोकॉल ‘एनटी१’ (म्हणजेच एसएमबी १) असा मुद्दाम लिहावा लागतो, अन्यथा कन्सोलवर यादी रिकामीच दिसते.

कृष्णाकाठ (सांगली) :
दोघांचेही आभार. जुना लॅपटॉप घरात आहे. हार्ड डिस्क आतच बसवली तर हा सगळा खटाटोप वाचेल का?

जुनीकॅसेट (मिरज) :
आपल्या मॉडेलमध्ये ती सोय नाही. हार्ड डिस्कचा कप्पा ३०००० ते ५०००० मालिकेतील जाड कन्सोलमध्ये होता आणि त्यालाही नेटवर्क अ‍ॅडॅप्टर लागतो; २००४ मध्ये स्लिम आले तेव्हा तो कप्पाच गेला. केबल नकोच असेल, तर मेमरी कार्डाच्या दुसऱ्या खाचेत बसणारा एमएक्स४एसआयओ अ‍ॅडॅप्टर व एसडी कार्ड हा पर्याय आहे. तो यूएसबीपेक्षा वेगवान असला, तरी लॅनची बरोबरी करीत नाही.

अजिंक्यतारा (सातारा) :
लॅन जोडल्यावरही एखादा गेम काळ्या पडद्यावर अडकला, तर लोडरमधील त्या गेमच्या सेटिंगमध्ये मोड १ हा सुसंगततेचा पर्याय चालू करून पाहावा.