सटीप संदर्भसूची: गोषवारा वाचून टिपण लिहावं का?

वाशीकर: सटीप संदर्भसूची म्हणजे प्रत्येक साधनाखाली छोटं टिपण असलेली यादी. उदाहरणाला संशोधनाचा प्रश्न असा धरू: 1970 मध्ये सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) आली, त्यानंतर नवी मुंबईसाठी जमीन गेलेल्या आगरी-कोळी कुटुंबांची उपजीविका कशी बदलली? माझं मत ठाम आहे. पूर्ण न वाचलेल्या लेखावर टिपण लिहूच नये. गोषवाऱ्यात निष्कर्ष असतो, तो कशावर उभा आहे ते नसतं. समजा तिथे 'उत्पन्न वाढलं' असं लिहिलंय. पद्धतीचा भाग उघडल्यावर कळू शकतं की मुलाखती फक्त साडेबारा टक्के योजनेतले (गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जागा परत देणारी योजना) भूखंड मिळालेल्यांच्या आहेत. खाडीत मासेमारी करणारे, मिठागरावर मजुरी करणारे भूमिहीन नमुन्यात आलेच नाहीत. 150 शब्दांच्या टिपणात निम्मी जागा याला हवी, सारांशाला दोन वाक्यं पुरतात.

नौपाडा_वाचक: सहमत नाही. 60 नोंदी सापडल्या आणि सगळ्या पूर्ण वाचत बसलात तर सत्र संपेल. पहिल्या फेरीला गोषवारा आणि समारोप पुरे. झोटेरोत (संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर) प्रत्येक नोंदीखाली एकच ओळ: कोणता काळ, कोणती गावं, कोणाशी बोलले. त्यावरून 15-20 निवडा. बाकीच्यांना 'फक्त गोषवारा' असा टॅग लावून ठेवा, पुसू नका. प्रश्नाचा रोख बदलला की त्यातल्याच काही लागतात.

वाशीकर: चाळणीला माझी हरकत नाहीच. पण जमा करायची तारीख जवळ आली की तीच ओळ फुगवून टिपण होतं आणि 'हा लेख महत्त्वाचा आहे' असली वाक्यं येतात. तुमच्या प्रश्नाच्या कोणत्या भागाला तो लेख उपयोगी, हे त्यातून कळत नाही.

मिठागर: तुम्ही दोघं लेखांवरच अडलात. इथे 1970 आधीची स्थिती दाखवावी लागेल आणि त्या साधनांना गोषवारा नसतोच. पनवेल-उरण 1882 च्या ठाणे गॅझेटियरमध्ये (ब्रिटिशकालीन जिल्हा माहितीग्रंथ) आहेत, 1961 च्या जनगणनेत मात्र कुलाबा जिल्ह्यात. नुसती ठाण्याची जनगणना पुस्तिका घेतली तर पनवेल-उरणची सगळी गावं सुटतात. कुलाब्याचं रायगड 1981 मध्ये झालं, तेव्हा ग्रंथालयाच्या सूचीत दोन्ही नावांनी शोधा. ही हद्दींची अडचण टिपणात लिहायलाच हवी.

नौपाडा_वाचक: हे पटलं. पण त्यासाठी अख्खा खंड वाचायची गरज नाही. तालुक्याचे तक्ते काढा, पान क्रमांक नोंदवा आणि 'एवढाच भाग पाहिला' असं टिपणात स्पष्ट लिहा.

वाशीकर: तक्त्यांपुरतं चालेल. लेखांसाठी नाही.