हरित हायड्रोजनच्या प्रकल्पात गावाला किलोमागे रुपया मिळावा का?

माणदेशी (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या पाराशी एक पांढरी बोलेरो येऊन थांबली. दोघं उतरले, एकाच्या काखेत नकाशाची गुंडाळी. गावाच्या वरच्या अंगाला माळ आहे, कुसळांशिवाय तिथं काही उगवत नाही. त्यावर सोलर टाकायचंय म्हणाले. ती वीज रायगडकडं नेऊन तिच्यावर पाणी फोडून हायड्रोजन करणार. सोलर-वाऱ्याच्या विजेवर केलेला, म्हणून तो हरित. सगळ्यांनी एकच विचारलं, एकरी भाडं किती? मी विचारलं, ग्रामपंचायतीला काय? त्यावर उत्तर आलं, "शाळेला ई-लर्निंगचा संच देऊ की."

घरी येऊन धोरण उघडलं. राज्य मंत्रिमंडळानं जुलै 2023 मध्ये हरित हायड्रोजन धोरण मंजूर केलं, 8,562 कोटींची तरतूद आहे, 2030 पर्यंत वर्षाला 5 लाख टनांचं लक्ष्य. विजेच्या वहनात सवलत, विद्युत शुल्कात सवलत. गॅसमध्ये हायड्रोजन मिसळला तर पाच वर्षं किलोमागं 50 रुपये अनुदान. आणि पुढं बारीक एक ओळ: प्रकल्पाच्या जमिनीला स्थानिक कर, अकृषिक कर आणि मुद्रांक शुल्क पूर्ण माफ. म्हणजे औदार्य मंत्रालयाचं आणि खिसा ग्रामपंचायतीचा!

मी प्रकल्पाच्या विरोधात नाही. दिवसभर ऊन खाणाऱ्या माळानं चार पैसे दिले तर वाईट काय? पण देणगी नको, हक्क हवा. विकल्या गेलेल्या प्रत्येक किलोमागं एक रुपया गावाच्या खात्यात जावा, आणि हे करारात लिहिलेलं असावं. हायड्रोजन करणारं 100 मेगावॉटचं यंत्र वर्षात साडेतीन हजार तास चाललं, किलोला 55 युनिट धरले, तर साधारण 63 लाख किलो होतात. म्हणजे वर्षाला 63 लाख रुपये. आमच्यासारख्या ग्रामपंचायतीला एवढ्यात आख्खी नळयोजना चालवता येईल.

पवनचक्क्यांच्या वेळी आमच्या मामांच्या गावाला पठारावरची जमीन एजंटानं घासाघीस करून घेतली. कंपनी कुठली ते सोडा. वीस वर्षं झाली, पाती फिरताहेत, आणि मामा संध्याकाळी लोडशेडिंगमध्ये अंगणात बसून ती मोजतात. तेव्हा गावानं मागितलंच नव्हतं, कारण मागायचं असतं हेच माहीत नव्हतं.

हिशोबनीस

मागणी भावनेला पटते, गणिताला नाही. आज हरित हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून बनणाऱ्या हायड्रोजनच्या सुमारे दुप्पट भावात पडतो. खतवाले आणि रिफायनऱ्या तो हौसेनं घेणार नाहीत. देशात वर्षाला अंदाजे 50 लाख टन हायड्रोजन लागतो, आणि तो जवळपास सगळा जीवाश्म इंधनांपासून बनतो. त्याच्याशी टक्कर आहे. उद्योग अजून रांगतोय, आणि तुम्ही त्याच्या पायात तोडे घालताय.

दुसरं, गाव कुठलं? ऊन तुमचं, तारा पाच तालुक्यांतून जाणार, पाणी पाताळगंगेचं, कारखाना रायगडात. स्फोट झालाच तर तिथल्या लोकांच्या काचा फुटणार. मग रुपया तुम्हाला का? या वाटणीसाठी एक महामंडळ काढावं लागेल आणि रुपयातले साठ पैसे तेच खाईल.

माणदेशी

वाटणी अवघड आहे म्हणून हिस्साच नको, हे भारी! साखर कारखाना हजारो सभासदांच्या उसाचं वजन काट्यावर करून टनाला टनाचे पैसे देतो ना? (वेळेवर देतो का, हा वेगळा धागा.) विजेला मीटर आहे. रुपयातले निम्मे जिथं वीज तयार होते तिथं युनिटप्रमाणे, निम्मे जिथं हायड्रोजन तयार होतो तिथं. महामंडळ कशाला?

निवृत्त ऑपरेटर

अमोनियाच्या प्लांटवर 31 वर्षं काढली. हायड्रोजन आमच्याकडं रोजचा, फक्त त्याला कोणी हिरवा किंवा करडा (म्हणजे नैसर्गिक वायूपासूनचा) म्हणत नव्हतं. रुपयाचं तुम्ही ठरवा, मला दुसरंच सांगायचंय.

हायड्रोजनला वास नाही, रंग नाही. हवेत 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत कितीही असला तरी पेट घेतो. आणि भर दुपारी त्याची ज्योत डोळ्याला दिसत नाही. फ्लँज, म्हणजे पाईपचा सांधा, गळतोय असा संशय आला की आमचे जुने लोक लांब काठीला केरसुणी बांधायचे आणि ती पुढं धरून एकेक पाऊल टाकायचे. केरसुणी पेटली की समजायचं, ज्योत इथं आहे. नवीन पोरं हसायची. एकदा माझ्यासमोर पेटली, त्यानंतर मी कधी हसलो नाही. आता डिटेक्टर आलेत, चांगले आलेत. शिवाय वायू हलका, उघड्यावर भसकन वर निघून जातो, एलपीजीसारखा जमिनीवर रेंगाळत नाही. तेव्हा घाबरवायला सांगत नाहीये.

पण गावाला काय माहीत होतं? आमचा सायरन वाजला की शेजारच्या गावातल्या बायका कुकर चढवायच्या. त्यांना वाटायचं शिफ्ट सुटली, आता माणसं घरी येतील. भोपाळनंतर 1987 मध्ये कारखाने कायद्यात कलम घातलं होतं, की धोक्याची आणि बचावाची माहिती आजूबाजूच्या लोकांना द्यायची. आमच्याकडं ती इंग्रजीत छापून गेटवर लावली होती. काचेच्या आत.

चेस्टरवासी

काका, केरसुणी वाचून अंगावर काटा आला.

मी इंग्लंडात राहतो तिथून जवळच एल्समेअर पोर्टमध्ये व्हिटबी नावाचा भाग आहे. तिथल्या सुमारे 2,000 घरांचा नैसर्गिक वायू बंद करून पाईपमधून हायड्रोजन द्यायचा, असा प्रयोग ठरला होता. कंपनीनं दुकान थाटून शेगड्या दाखवल्या, नवी उपकरणं फुकट देऊ केली. पण लोकांचा प्रश्न होता, नको असेल तर जुनाच गॅस ठेवता येईल का? सुरुवातीला त्याचं सरळ उत्तर मिळालं नाही. तिथंच सगळं बिनसलं. घराघरांच्या खिडक्यांत विरोधाचे फलक लागले आणि जुलै 2023 मध्ये सरकारनं प्रयोग गुंडाळला.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत, त्यातल्या ईडे बेटाची गोष्ट मात्र उलटी. वस्ती दीडएकशे. बेटावरच्या लोकांची स्वतःची 900 किलोवॉटची पवनचक्की. बाहेर वीज नेणारी केबल भरलेली, म्हणून वारा असूनही ती बंद ठेवावी लागायची, म्हणजे गावाचंच नुकसान. मग त्या वाया जाणाऱ्या विजेवर अर्धा मेगावॉटचं इलेक्ट्रोलायझर (पाणी फोडून हायड्रोजन करणारं यंत्र) बसलं, आणि तिथला हायड्रोजन ट्रेलरवर चढवून बोटीनं ऑर्कनीच्या मुख्य गावाला, कर्कवॉलला, जाऊ लागला, धक्क्यावर उभ्या बोटींना वीज द्यायला. पवनचक्की त्यांची होती, म्हणून बोलणी बरोबरीनं झाली.

हिशोबनीस

व्हिटबीचं उदाहरण इथं लागू नाही. स्वयंपाकघरात हायड्रोजन नेणं ही मुळात खुळी कल्पना. तेवढ्याच विजेवर हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता घरात ओढणारं यंत्र) कितीतरी पट ऊब देतो. खत आणि पोलाद यांचं तसं नाही, तिथं दुसरा सोपा पर्याय नाही. आणि ईडे हे दीडशे माणसांचं बेट. आपलं 5 लाख टनांचं लक्ष्य धरा: 2,750 कोटी युनिट वीज, म्हणजे साधारण 17,000 मेगावॉट सोलर, म्हणजे सत्तर हजार एकर. प्रत्येक पारावर बसून बरोबरीनं बोलणी करायची तर 2030 नाही, 2080 उजाडेल.

कोकणकन्या

सत्तर हजार एकर! आणि हे सहज लिहून टाकलंत.

माणदेशी, तुमचा रुपया हीच सापळ्यातली खोबऱ्याची कातळी आहे. एकदा हिस्सा घेतला की उद्या तक्रार करायला तोंड उरत नाही. आम्ही गुहागरकर. 1993 मध्ये आमच्याकडच्या दाभोळ वीज प्रकल्पासाठी एन्रॉन या अमेरिकन कंपनीशी करार झाला, 1995 मध्ये रद्द, 1996 मध्ये पुन्हा जिवंत, 1999 मध्ये वीज सुरू आणि 2001 मध्ये बंद. या सगळ्यात आम्हाला कोणी काही विचारलं का? 2023 मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणाला बाया आडव्या पडल्या, त्या काय वाढीव भाड्यासाठी? आधी "नाही" म्हणण्याचा अधिकार द्या, मग रुपयाचं बोला. आणि पाणी? माणसारख्या तालुक्यात?

हिशोबनीस

पाण्याचा बागुलबुवा नको. किलोला रसायनशास्त्राप्रमाणे 9 लिटर लागतात, शुद्धीकरण आणि कूलिंग धरून 30 म्हणू. 5 लाख टनांना अर्धा टीएमसी. मोकाट पाण्यावरच्या एका एकर उसाला वर्षाला कोटभर लिटर जातं, त्या हिशोबानं हे सगळं मिळून दीड हजार एकर उसाचं पाणी. तेवढा ऊस तर एका कारखान्याचा चेअरमन आपल्या घरच्यांच्या नावावर दाखवेल.

माणदेशी

हे गणित मला मान्य आहे, आणि उसाचं तर शंभर टक्के. शिवाय आमच्याकडं फक्त सोलर येतंय, पाणी लागलंच तर काचा धुवायला. पण टँकरच्या रांगेत उभ्या बाईला राज्याची सरासरी सांगून उपयोग नाही. काचा धुवायचं पाणी कुठल्या विहिरीचं, हेही करारात यायला हवं.

ताई, "नाही"चा अधिकार हवाच, भांडण नाही. पण आमचा माळ बारसूचा सडा नव्हे. इथली पोरं मुंबईत माथाडी करतात किंवा सोन्याचांदीची गलाई करायला परमुलखात जातात. नुसतं "नाही" म्हणून ती परत येणार नाहीत. आणि हिस्सा घेतला की तोंड बंद होतं म्हणता, तर ई-लर्निंगच्या संचानं ते जास्त स्वस्तात बंद होतं.

हिशोबनीस, किलोला तीनचारशे रुपये भाव असलेल्या वस्तूत एक रुपया म्हणजे तोडे नव्हेत हो, पायातला काळा दोरा.

हिशोबनीस

काळा दोरा बरा आहे. पण एक रुपया मान्य केला की पुढच्या निवडणुकीत कोणीतरी पाच मागणार, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मागायचाच तर करारात दर गोठवून मागा.

निवृत्त ऑपरेटर

माणदेशी, ते बोलेरोवाले परत कधी येताहेत? रायगडातल्या प्लांटची जागा ठरली असेल तर तिथल्या सरपंचांचा नंबर त्यांच्याकडून घ्या आणि मला व्यक्तिगत निरोपात कळवा. माझी फी नाही. जाण्यायेण्याचं एसटी भाडं आणि एक केरसुणी.

माणदेशी

15 ऑगस्टच्या ग्रामसभेआधी येतो म्हणालेत काका. दर गोठवायची सूचनाही ठरावात टाकतोय. मसुदा उद्या रात्री इथंच चिकटवतो, ज्याला कात्री लावायची त्यानं लावावी.