होडीमागचं ९.९ एचपी आउटबोर्ड इंजिन वीस मिनिटांनी बंद पडतंय. देवबाग ते मालवण २४ लिटर पुरेल का?

खाडीकाठ
१६ फुटी फायबर होडी, ९.९ एचपी टू-स्ट्रोक, २४ लिटरची सुटी टाकी. देवबागला कर्ली नदीच्या मुखातून बाहेर पडून मालवण, एका बाजूने साधारण ६ नॉटिकल मैल, माणसं चार. फुल थ्रॉटलला पंधरा-वीस मिनिटांत इंजिन धापा टाकत बंद पडतं आणि पाच मिनिटांनी काही झालंच नाही असं चालू होतं. प्लग नवे आहेत. शिवाय एक टाकी पुरेल, की जोडीला कॅन हवा?

चपटा बल्ब
आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. तो बंद किंवा अर्धवट असला की पेट्रोल बाहेर जातं, पण त्याच्या जागी हवा आत येत नाही. उन्हात टाकीत वाफेचा दाब असतो म्हणून सुरुवातीची काही मिनिटं कळत नाही. थांबल्यावर हवा हळूहळू शिरते आणि इंजिन परत लागतं.

बंद पडत असतानाच पेट्रोलच्या पाइपवरचा हाताने दाबायचा रबरी बल्ब हातात घ्या, निदान तिथंच होतं. चपटा ओढला गेला असेल तर अडथळा टाकीकडे: स्क्रू, नाहीतर तळाची जाळी. कितीही दाबून कडक होत नसेल तर कुठून तरी हवा ओढली जातेय. कनेक्टरची ओ-रिंग, क्लिपाजवळ चिरलेला पाइप, किंवा बल्बमधला व्हॉल्व्ह गेलाय. कडक असूनही इंजिन मरत असेल तर पुढे फिल्टर, पंपाचा पडदा, कार्बोरेटर. बल्ब दाबताना बाण इंजिनाकडे आणि वर असू द्या. चालू इंजिनात तो थोडा मऊ पडतो, त्याची काळजी नको.

मतलई
पेट्रोल मैलावर मोजू नका, तासावर मोजा. या इंजिनाला फुल थ्रॉटलला तासाला ५ लिटर धरा. चार माणसांसह ६ नॉट (तासाला ६ नॉटिकल मैल) वेग मिळाला तर जाऊन-येऊन २ तास, म्हणजे १० लिटर. समोरून लाट आली की वेग ४ नॉटवर येतो, तेच ६ मैल दीड तास खातात आणि एका बाजूलाच साडेसात लिटर जातात. थ्रॉटल तेवढाच, फक्त होडी पुढे सरकत नाही.

टाकीत २२ लिटरच भरा, उन्हात पेट्रोल फुगतं. तळाचे दीड-दोन लिटर हिशेबात नकोत, कारण होडी हलली की नळी तिथे हवाच ओढते. उरले २०: एक तृतीयांश जायला, एक यायला, एक राखीव. जातानाच ७ लिटर संपले तर तिथून परत फिरा.

राखीव लागतं ते मुखावर. मालवणहून परतताना दुपारचा वायव्येचा वारा पाठीमागून असतो, त्यामुळे सगळं सोपं वाटतं. पण ओहोटीचं पाणी खाडीतून जोरात बाहेर येत असेल आणि त्याच्या समोरून समुद्राची लाट असेल तर वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात, उधाणाला तर फारच. तेव्हा आत घुसायचं नाही, भरती लागेपर्यंत बाहेर नांगरावर थांबायचं. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून येणाऱ्या वाऱ्यात निघा. दुपारी निघालात तर हाच वायव्येचा वारा जाताना तोंडावर घ्यावा लागेल.

खाडीकाठ
स्क्रू अर्धाच फिरलेला होता. पूर्ण उघडल्यावर पाऊण तास फुल थ्रॉटलला चाललं. मिश्रणात बाईकचं टू-टी तेल चालेल का?

चपटा बल्ब
नको. टीसी-डब्ल्यू-३ दर्जाचं, म्हणजे टू-स्ट्रोक आउटबोर्डसाठीचं तेल घ्या. आउटबोर्ड पाण्याने थंड होतं, त्यासाठी राख न ठेवणारं तेल लागतं. मॅन्युअलमध्ये ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, २२ लिटरला ४४० मिली. इंजिन नवं असेल तर रनिंग-इनचं (सुरुवातीच्या तासांसाठीचं) तेलाचं प्रमाण मॅन्युअलमधून घ्या, ते जास्त असतं.

पंपावरच्या ई-२० ची (२० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलची) जास्त धास्ती घ्या. बऱ्याच आउटबोर्ड कंपन्या १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य करतात. इथेनॉल खाऱ्या हवेतली ओल ओढतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की पाणी-इथेनॉलचा थर तळाशी बसतो, नेमका नळीच्या तोंडाशी. तेल वरच्या पेट्रोलात राहतं, म्हणजे इंजिनाला बिनतेलाचा घोट! दोन-तीन आठवड्यांपेक्षा जुनं मिश्रण होडीत नको. पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर लावा, जुने रबरी पाइप बदला.

मतलई
कॅनबद्दल राहिलं. ५ लिटरचा न्या, पण लाटेत फनेलने ओतायची वेळ आणू नका. दुसरी टाकी कनेक्टरसह ठेवणं बरं. टाकी मुखाच्या अर्धा मैल आधी, शांत पाण्यात बदला, कधीही दांड्यावर नाही. भरायची ती धक्क्यावर उतरवून, होडीत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती फळ्यांखाली साचून बसते. वल्ही, नांगर आणि दोर, किल-कॉर्ड (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणारी दोरी) मनगटाला. तटरक्षक दलाचा बचाव क्रमांक १५५४ सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.