चर्चा: कोल्हापुरात धंदा जिद्दीवर उभा राहतो की घरच्या पाठबळावर?

उद्यमनगरकर
माझं मत सरळ आहे: पाठबळावर. शिरोलीतल्या फाउंड्रीचं (धातू ओतायचा कारखाना) कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, मजुरीवर मशीनिंग करून देणारा जॉबवर्कवाला घ्या. महिन्याला ४ लाखांचं बिल, पैसे ७५ दिवसांनी. म्हणजे १० लाख कायम बाहेर. पगार, वीजबिल, टूल-इन्सर्ट (मशीनची कापणारी पाती) मात्र रोख. बिल निघालं की जीएसटीही पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा, पैसे आलेले असोत वा नसोत. वर मशीनिंग करताना ब्लोहोल (आत राहिलेली हवेची पोकळी) निघाला तर दोष कास्टिंगचा, पण मशीनिंगचे पैसे बहुतेक वेळा बुडतात. ज्याच्या घरी ऊसबिल येतं तो हे सोसतो. बाकीचे पतसंस्थेकडे जातात आणि नफा व्याजात जातो.

हिशेबी
जुनं रडगाणं. पीएमईजीपी या केंद्राच्या कर्ज-अनुदान योजनेत महिला, अनुसूचित जाती, ओबीसी यांना स्वतःचे फक्त ५ टक्के घालावे लागतात, ग्रामीण भागात अनुदान ३५ टक्के. १० लाखांच्या प्रकल्पाला स्वतःचे ५० हजार. मुद्रा कर्जाला तारण नाही. आणि सात-बारावाल्यांची पोरंही दुसऱ्या वर्षी शटर ओढतात, कारण कॉस्टिंग, म्हणजे खर्चाचा हिशेब, येत नाही. मशीनचा घसारा (झिजेचा खर्च) दरात धरतच नाहीत.

उद्यमनगरकर
ते ३५ टक्के हातात कुठं येतात? ३ वर्षं बँकेतच ठेव म्हणून अडकतात. हप्ता चुकला की तेही धोक्यात. मशीन येतं, खेळतं भांडवल येत नाही.

सुभाषनगर_चप्पल
दोघंही पैशावरच अडलात. दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंना शाहू महाराजांनी चहाचं दुकान काढायला मदत केली आणि स्वतः तिथं जाऊन चहा प्यायले. नुसत्या भांडवलानं ते दुकान चाललं नसतं, गिऱ्हाईक यायला हवं होतं. आज कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून जीआय (भौगोलिक ओळखीचं मानांकन) आहे. पण कातडं कापणारा, वेणी घालणाऱ्या बायका एकीकडे आणि गिऱ्हाईक ओळखणारा दुकानदार दुसरीकडे. कारागीर उचल घेतो, मग दर दुकानदार ठरवतो. कसब पिढीजात आहे, बाजार नाही.

हिशेबी
हे मान्य. पण उद्यमनगरकर, ७५ दिवस का सोसायचे? उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) असेल तर लेखी करारातही ४५ दिवसांची कमाल मुदत, करार नसेल तर १५. पुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज टाका.

उद्यमनगरकर
टाका की. एकाच फाउंड्रीवर ८० टक्के काम असलेला माणूस अर्ज टाकेल आणि पुढच्या महिन्यात काम दुसऱ्या शॉपला जाईल. अर्ज टाकायची ताकद तीन-चार गिऱ्हाइकं असलेल्याकडे असते, आणि ती गिऱ्हाइकं बहुधा वडिलांच्या ओळखीची असतात.

हिशेबी
म्हणून पहिल्या वर्षीच एकाकडून निम्म्यापेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, मशीन थोडं रिकामं राहिलं तरी.

सुभाषनगर_चप्पल
रिकाम्या मशीनचा हप्ता कोण भरणार, भावा?