मदत हवी आहे: स्वर्गात समुद्र नसेल?

नमस्कार मंडळी. मी मालवणजवळ संडेस्कूलला शिकवते. गेल्या रविवारी बायबलमधलं प्रकटीकरण 21:1 वाचलं: नवं आकाश, नवी पृथ्वी, आणि समुद्र राहिला नाही. समोरच्या बाकावरचा एक मुलगा एकदम उठला, "टीचर, मगे आमी रापण खंय ओढूची?" रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं; त्याचे बाबा त्यासाठी रोज पहाटे किनाऱ्यावर असतात. मला काही उत्तरच सुचेना.

घरी येऊन शोधलं. दानीएल 7 मध्ये चार श्वापदं समुद्रातूनच वर येतात, प्रकटीकरण 13 मधलं पहिलं श्वापदही तिथूनच. म्हणजे तिथे समुद्र हे गोंधळाचं, देवाविरुद्ध उठणाऱ्या शक्तीचं चिन्ह असावं. मला हेच पटतं. "उजवा डोळा उपटून टाक" (मत्तय 5:29) हेही कोणी शब्दशः घेत नाही ना!

पण मग प्रकटीकरणाच्या त्याच 21 व्या अध्यायातलं "देव डोळ्यांतले अश्रू पुसेल" हे मात्र मी अक्षरशः खरं मानते. मग रेघ कुठे ओढायची? आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलांना हे कसं सांगायचं? कोणी शिकवलं असेल तर कृपया सांगा. या रविवारी तो पुन्हा विचारणार आहे.