ब्राउझर उघडेना, तर थेट फॉरमॅट?

जुना_कळफलक
गेल्या आठवड्यात बाबांच्या पीसीवर क्रोम उघडेना. डबल क्लिक केलं की कर्सरशेजारचं चक्र क्षणभर फिरायचं, मग सगळं शांत. एररसुद्धा नाही. आदल्या रात्री पीसी चालू असतानाच लाईट गेली होती. बाबा तो उचलून कॉलनीतल्या दुकानात घेऊन गेले. तिथे निदान तयारच होतं : "विंडोज गेलंय काका, फॉरमॅट मारायला लागेल. सहाशे."

नशीब, त्यांनी हो म्हणायच्या आधी मला फोन केला. घरी आणून कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला, तर क्रोमच्या तीन-चार ओळी मागे चालूच होत्या. त्या बंद केल्या, तरी जैसे थे. मग क्रोमच्या 'यूजर डेटा'मधल्या 'डिफॉल्ट' फोल्डरचं नुसतं नाव बदललं. क्रोम लगेच उघडलं, नवाकोरा 'डिफॉल्ट' स्वतःच बनवून. लाईट गेल्यामुळे त्या फोल्डरातलं प्रोफाइल, म्हणजे बाबांच्या सेटिंग्जचा आणि लिंकांचा साठा, खराब झालं होतं, बाकी विंडोज ठणठणीत. जुन्या फोल्डरातली 'बुकमार्क्स' ही फाइल नव्यात टाकली आणि बाबांच्या बँकेच्या, पेन्शनच्या लिंका जागच्या जागी.

नख वाढलं म्हणून बोट कापायचा हा धंदा बंद व्हायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पेचकस
मी असाच एक कॉलनीतला दुकानदार. तुमचा वेळ किती गेला, ते लिहिलं नाहीत. तासभर धरतो. त्या तासाचे मी तीनशे मागितले असते, तर "फोल्डरचं नाव बदलायचे तीनशे घेतो" असं काकांनी गल्लीभर सांगितलं असतं. फॉरमॅटचा भाव सगळ्यांना ठाऊक आहे. बघण्याला भावच नाही. आणि क्रोम परवा पुन्हा बसलं, की तोच पीसी परत माझ्या टेबलावर, फुकटात.

आभाळमाया७१
पेचकस यांच्याशी सहमत. माझ्या मशीनवर कुठलातरी फुकट पीडीएफ कन्व्हर्टर घेतला आणि त्याच्यासोबत अख्खी वरात घुसली. होमपेज बदललेलं, ब्राउझर मनात आलं तर उघडणार. भाचा तीन दिवस खटपट करत होता, रोज नवं काहीतरी सापडायचं. शेवटी फॉरमॅट मारला आणि सुटलो. व्हायरसवाल्या मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकायची छाती मला नाही.

जुना_कळफलक
व्हायरस असेल तर मारा की फॉरमॅट, मी कुठे अडवतोय? पण न बघता तो आहे हे कळलं कसं? पेचकस, फॉरमॅट मारताना माल काय जातो, ते गिऱ्हाइकाला सांगता का? डी ड्राइव्हवरचे फोटो वाचतात, पण साठवलेले पासवर्ड जातात. 'यूजर डेटा' फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला तरी उपयोग नाही, कारण त्यांची किल्ली विंडोजच्या त्या जुन्या खात्याला बांधलेली असते. सिंक (गूगल खात्यात प्रत ठेवण्याची सोय) चालू असेल तरच परत मिळतात. साठी-सत्तरीतल्या किती जणांनी ते चालू केलेलं असतं?

शाळेची_वही
फॉरमॅट मारून काहीच फरक पडला नसता असंही एक प्रकरण आहे. जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली सेफ्टीतल्या (पालकांनी मुलांवर लक्ष ठेवायची सोय) वेबसाइट गाळणीमुळे मुलांच्या खात्यावर क्रोम उघडायचं आणि लगेच मिटायचं. काढून पुन्हा टाकलं तरी तेच. नवं विंडोज टाकून मुलाचं खातं परत जोडलं, की गाळणीही परत येणार. लोकांनी तोडगा काढला तो भारीच : क्रोम सुरू करणाऱ्या ईएक्सई फाइलचं नाव बदलून 'क्रोम१' केलं की उघडायचं! (मुलांना हे आपल्याआधी कळलं असणार.)

पेचकस
पासवर्डचं मान्य. विचारतो मी, पण "काही नाही हो त्यात, मारा" हे उत्तर ठरलेलं. माझ्याकडे अजून विंडोज ७ ची मशीनं येतात. त्यावर क्रोम १०९ व्या आवृत्तीच्या पुढे चालतच नाही, २०२३ पासून. नवं टाकायला जातात, अडकतं, की आले माझ्याकडे. तिथे फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरची ११५ ईएसआर (जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती) टाकून देतो, फॉरमॅट नाही मारत. म्हणजे अगदीच कसाई नाही मी.

जुना_कळफलक
मग 'तपासणी १०० रुपये' असा बोर्डच लावा ना. मी पहिला देईन.

पेचकस
लावतो उद्या.

पेचकस
लावला. दुपारी एक जण लॅपटॉप घेऊन आले. बोर्ड वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "बघत बसू नका, थेट फॉरमॅट मारा."