'टिपा लिहा' म्हटलं की मुलं वेगळ्या कागदावर उत्तर लिहितात. दुसरा शब्द सुचवा

समासरेघ
नववी-दहावीसाठी वाचनाची कार्यपत्रिका करते आहे. वर्तमानपत्रातला लेख द्यायचा आणि त्याच कागदावर पेन्सिल चालवायची. मुख्य दावा अधोरेखित करायचा, पुरावा असेल तिथे खूण करायची, 'तज्ज्ञांच्या मते' असं आलं की शेजारी 'कोणते तज्ज्ञ?' असं लिहायचं. इंग्रजीत या सगळ्याला ॲनोटेट करणं म्हणतात. मी सूचना दिली, 'लेख वाचा व टिपा लिहा.' अर्ध्या वर्गाने वहीत शीर्षक देऊन पाच-सहा ओळींची टीप लिहिली आणि लेखाचा कागद कोरा परत दिला. इतिहासाच्या पेपरात 'टिपा लिहा'चा अर्थ तोच असतो, त्यामुळे मुलांचं काही चुकलं नाही. 'भाष्य करा' जड वाटतं, 'खुणा करा' अपुरं. काय लिहू?

जुना छापखाना
शब्द आहे, आपण तो बिघडवलाय. टीका! मल्लिनाथाने कालिदासाच्या काव्यांवर लिहिली ती टीका. 'शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें', म्हणजे 1290 साल. मूळ मजकूर समोर ठेवून शब्दाशब्दापाशी थांबायचं, शंका घ्यायची, उलगडायचं. तुम्ही मुलांकडून हेच करून घेताय. तोच शब्द त्यांना द्या.

पाचगाव
दहावीच्या मुलाला 'लेखावर टीका करा' सांगितलंत तर तो दोष काढायला बसेल. रोजच्या बातम्यांत 'विरोधकांची सरकारवर टीका' हेच तो ऐकतो. सूचना ज्याच्यासाठी आहे त्याला आज काय कळतं ते बघायला हवं, सातशे वर्षांपूर्वी काय कळत होतं ते नव्हे.

जुना छापखाना
मुलांना येतात तेवढेच शब्द वापरायचे तर भाषेचा तास कशासाठी ठेवलाय?

नदीपार
माझी मुलगी इथे अमेरिकेत हायस्कूलला आहे. कादंबरी शिकवताना पुस्तकात लिहायला लावतात. प्रत शाळेची असेल तर चिकटचिठ्ठ्या लावायच्या. सुरुवातीला तिने पानंच्या पानं पिवळी केली. शिक्षिकेने सांगितलं, रंग कमी, प्रश्न जास्त. रंगवलेल्या वाक्याशेजारी 'हे का रंगवलं' ते लिहायचं. तिथून तिचं वाचन बदललं. आम्ही घरी 'समासात लिही' म्हणतो.

पाचगाव
'समासात लिहा' आवडलं. वहीला समास सोडायला प्रत्येक मूल पहिलीपासून शिकतं. फक्त व्याकरणातल्या समासाशी घोळ होऊ नये.

समासरेघ
घोळ एवढ्यावर थांबत नाही. समासात लिहायचं नसतं, तो मोकळा सोडायचा, गुण द्यायला बाई वापरतात, हे मुलांच्या हाडीमाशी भिनलंय. पुस्तकावर पेन्सिल लावणं म्हणजे पुस्तक खराब करणं. आठवीपर्यंतच्या पाठ्यपुस्तकांत 2023 साली 'माझी नोंद' म्हणून कोरी पानं घातली होती, 2025 मध्ये ती योजना बंद झाली. माझ्या पाहण्यात त्या पानांवर स्वाध्यायाची उत्तरंच उतरली. मुलाचा स्वतःचा प्रश्न क्वचित दिसला आणि याचं मला फार वाईट वाटतं. जागा दिली, पण तिथे काय करायचं ते कुणी शिकवलं नाही.

पाचगाव
'नोंद' शब्द मात्र चांगला होता. 'मजकुराशेजारी नोंदी करा.'

जुना छापखाना
नोंद जन्ममृत्यूची होते, सातबाऱ्यावर होते. नोंद करणारा वाद घालत नाही. तुम्हाला वाद घालणारा वाचक हवाय ना?

आजोळ
'टिपणे' हे क्रियापद सोडू नका. कोंबडी दाणे टिपते, टीपकागद शाई टिपतो, नेमबाज सावज टिपतो. सगळीकडे नेमकं तेवढंच उचलणं आहे. माझी आई शिवणकाम करायची, ती कापडावर टीप घालायची, तीही त्यातलीच असं मला वाटतं. 'वाचता वाचता टिपा' अशी सूचना द्या.

जुना छापखाना
शिवणीची टीप यात ओढू नका. लेखनातली टीप संस्कृत 'टिप्पणी'शी जोडलेली आहे. शब्द सारखा दिसला म्हणून कूळ एक होत नाही.

रेघोट्या
कार्यपत्रिकेचं नाव काय ठेवलंय? 'चिकित्सक वाचन' असेल तर बदला. आमच्या घरात चिकित्सक म्हणजे ताटातलं प्रत्येक पान उलटून बघणारा माणूस.

जुना छापखाना
भांडारकर संस्थेत महाभारताच्या शेकडो हस्तलिखितांतले पाठ ताडून चिकित्सित आवृत्ती सिद्ध झाली. 1919 ला आरंभ, 1966 ला पूर्ण. इतका मोठा अर्थ असलेला शब्द जेवणाच्या ताटासाठी सोडून द्यायचा?

रेघोट्या
सोडायचं कोण म्हणतंय? चौदा वर्षांच्या मुलासमोर पहिल्याच ओळीत नको, एवढंच. 'प्रश्न विचारत वाचूया' म्हणा.

समासरेघ
नावाचं नंतर बघते. सूचनेतलं क्रियापद अजून ठरलं नाही. आता 'शेजारी लिहा' आणि 'वाचता वाचता टिपा' हे दोन उरलेत.

पाचगाव
'टिपा' वाचून मुलं पुन्हा 'टिपा लिहा'च समजतील. छापल्यावर क्रियापद कुठलं आणि नाम कुठलं ते दिसत नाही.

आजोळ
मग 'टिपत वाचा' करा. आणि दाणे टिपणं नि शिवणीची टीप यांच्याबद्दल मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश काय म्हणतो, ते कुणाकडे असेल तर बघून सांगा. मला ते एकच वाटतात, अजूनही.